पट्टीतून दिसलेला माणूस

कोणी मला "एखादी जादू करून दाखवा की" म्हणालं की माझं डोकं फिरतं. नातवंडं हट्ट धरतात, सून म्हणते, "दाखवा ना बाबा, पोरं कधीची मागे लागलीत," आणि मी चपला घालून सरळ बाहेर पडतो. त्यांना वाटतं, म्हातारा खडूस आहे. आहेच मी खडूस. पण त्यामागचं कारण मी घरात कधी सांगितलेलं नाही, ते आज लिहून टाकतो. मग म्हणा काय म्हणायचं ते.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या धास्तीने गावाकडे पळालेली माणसं परत आली, सुरत पुन्हा गच्च भरली, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. खानदेशातून आलेल्या बाकी माणसांसारखाच मीही बायकोला घेऊन लिंबायतला भाड्याच्या खोलीत राहायचो आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या खात्यात बारा-बारा तास उभा असायचो. खातं म्हणजे कारखानाच, पण आम्ही खातंच म्हणायचो. आठवड्याला एक सुटी. त्या दिवशी बाकीचे कारागीर झोपायचे, पत्ते कुटायचे, नाही तर गुजरातेत बंदी असलेली वस्तू शोधत हिंडायचे. मी जादूगारांच्या मंडळात जायचो.

हसू नका. मंडळ खरंच होतं. सात-आठ जण होतो आम्ही. चित्रकला शिकवून रिटायर झालेले एक गुजराती मास्तर होते, त्यांना सगळे काका म्हणायचे. त्यांच्या पुढच्या खोलीत आमची बैठक भरायची. एक रिक्षावाला, एक ब्लाउज शिवणारा, एक फोटो स्टुडिओवाला, असे बाकीचे. दर बैठकीत कोणीतरी नवा खेळ करायचा आणि बाकीच्यांनी त्याची सालटी काढायची. "डावा हात कशाला लपवतोस, खिसेकापू वाटतोस." "रुमाल काढताना स्वतः रुमालाकडे काय बघतोस? पब्लिककडे बघ." रुमाल आमचे डाग पडलेल्या साड्यांच्या तुकड्यांचे, ते सुरतेत फुकट मिळायचे. शिव्या खायचो, चहा प्यायचो, आणि खरं सांगतो, आठवडाभर त्या दोन तासांची वाट बघायचो. खात्यात मला कोणी नावाने हाक मारत नव्हतं. तिथं माझ्या बोटांकडे सात माणसं श्वास रोखून बघायची.

काकांच्या काही शिकवण्या होत्या. पहिली अशी की खेळ फोडायचा नाही, म्हणजे त्यातली करामत मंडळाबाहेर कोणालाही सांगायची नाही. बायकोलासुद्धा नाही. प्रत्येक नव्या सभासदाला ते पत्त्यांच्या जोडावर हात ठेवून तशी शपथ घ्यायला लावायचे. दुसरी अशी की "स्टेज पर 'खबर नथी' एवुं बोलवानुं ज नहीं." माहीत नाही हे शब्द जादूगाराच्या तोंडी शोभत नाहीत. चुकलं तरी चालेल, पण ठणकावून चुकायचं. आणि तिसरी त्यांची स्वतःची अक्कल, जिचं आम्हाला फार कौतुक होतं. मनातलं ओळखण्याचा, भविष्य सांगण्याचा खेळ करताना समोरच्याला एक काम लावून द्यायचं. सात दिवस पिंपळाला पाणी घाल, तीन दिवस अमुक दिशेला तोंड करून झोप. सांगितलेलं खरं ठरलं तर तुमचं नाव होतं. खोटं ठरलं तर माणूस स्वतःच म्हणतो, माझ्याच कामात काहीतरी कसूर राहिली. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या ह्याला. मी तर जरा जास्तच.

माझा खेळ मनातलं ओळखण्याचाच होता. त्यात माझा एक जोडीदार होता, मराठवाड्याचा, माझ्याच खात्यात शेजारच्या लूमवर. लूमच्या खडखडाटात माणसाचा आवाज ऐकूच येत नाही. दोन-चार वर्षं त्यात काढली की माणूस ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतो. दोन रांगा पलीकडून कोणी नुसते ओठ हलवले तरी 'बाण्याचं सूत संपलं', 'शेठ आला', 'चहा सांग' हे सगळं समजायचं. आम्ही ह्याचाच खेळ केला. मी स्टेजवर खुर्चीत बसायचो, डोळ्यांवर कापसाच्या घड्या आणि वरून काळ्या अस्तराची पट्टी. पट्टी कितीही आवळा, नाकाच्या बाजूने खाली फट राहतेच. स्टेज उंच आणि पब्लिक खाली, त्यामुळे मान जरा वर करून बसलं की फटीतून जोडीदाराचं तोंड बरोबर दिसायचं. तो लोकांत फिरायचा, कोणाकडून घड्याळ, कोणाकडून मंगळसूत्राची वाटी, कोणाकडून औषधाची चिठ्ठी हातात घ्यायचा, आणि तोंडात मावा असल्यासारखा चघळत चघळत तो शब्द ओठांनी बोलायचा. मी कपाळाला हात लावून, कण्हून-कुथून सांगायचो, "घड्याळ... काटा... पाचवर अडकलाय." लोक वेडे व्हायचे. लूमवाल्यांच्या वस्तीत लूमवाल्यांचीच विद्या दाखवायची म्हणजे खरं तर हिंमतच, पण एकालाही संशय आला नाही. रोज स्वतः जे करतो ते कोणाला करामत वाटत नाही.

माझ्या डोक्यात हवा गेली. जाणारच. पान खायला गेलो तर पानवाला पैसे घेईना. बायका पोरांना सांगायच्या, खोटं बोलू नको, त्या भाऊला समजतं. मी नुसता हसायचो आणि भाव खायचो. मग काका म्हणाले, नुसत्या वस्तू काय ओळखतोस, शेवटी पाच मिनिटं लोकांचे प्रश्न घे. तेही सुरू केलं. दहावीला पास होईन का, नोकरी लागेल का. काहीही ठोकून द्यायचो, वर एक काम लावून द्यायचो.

त्या वर्षी गणपतीत शेजारच्याच गोडादऱ्याच्या वस्तीत एका मंडपात आमचा कार्यक्रम होता. संध्याकाळची वेळ, आरती नुकतीच झालेली. वस्तू ओळखून झाल्या, प्रश्न सुरू झाले, दोन-तीन पोरटोरांचे फुटकळ प्रश्न झाले. तेवढ्यात कडेवर तान्ही पोर घेतलेली एक बाई उठून उभी राहिली. आमच्याच खानदेशाकडची, पंचविशीची असेल नसेल. घरात बोलतात त्या अहिराणीत तिने विचारलं, "भाऊ, मना घरवाला कडोदराले कामले जायेल शे. तीन दिन व्हई ग्यात, अजून उना नही. तू दखीसन सांग, कोठे शे तो?"

दखणं म्हणजे पाहणं. नवरा तीन दिवस परत आला नाही, तू पाहून सांग, असं म्हणत होती ती.

मी फटीतून जोडीदाराकडे पाहिलं. त्याच्या हातात काही नव्हतं, तोंड चघळल्याचं सोंगही त्याने टाकलं होतं. ओठ स्पष्ट हलले. "नको. खेळ बंद कर म्हण." दोनदा म्हणाला.

मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? चार पोरांनी शिट्ट्या मारल्या असत्या. बस्स. पण चारशे डोळे माझ्यावर होते आणि मला त्यांची चटक लागली होती. मनात मी हिशेबही केला, लाज वाटते सांगायला. कामाला गेलेले पुरुष असे चार-सहा दिवस बेपत्ता होतातच, कुठेतरी पिऊन पडतात, मग खाली मान घालून घरी येतात. हाही येईल. कडोदरा सुरतेच्या पूर्वेला. मग मी तोंड उघडलं. तिने घरच्या बोलीत विचारलं होतं आणि मी स्टेजवरच्या ठेवणीतल्या मराठीत उत्तर दिलं.

"तो जिवंत आहे. मला दिसतोय. सूर्य उगवतो त्या बाजूला, एका छपराखाली पडून आहे. चार दिवसांत घरी येईल."

ती रडायला लागली. आसपासच्या बायका तिला धरून "बघ, मी म्हणत होते ना" करायला लागल्या. तिच्या शेजारी उभा असलेला माणूस, तिचा शेजारीच होता तो, ओरडून म्हणाला, "आम्ही उद्या सकाळी पोलिसात आणि सरकारी दवाखान्यात जाऊन बघणार होतो. जाऊ का?"

इथे तरी देवाने माझी जीभ धरायला हवी होती. पण मला काकांची तिसरी शिकवण आठवली, आणि खेळ आणखी रंगेल असं वाटलं. मी म्हणालो, "ताई, तू कुठे जायचं नाहीस. चार दिवस उंबऱ्यात दिवा लाव आणि दिव्याजवळ बसून राहा. उंबरा ओलांडलास तर त्याची वाट चुकेल."

काय टाळ्या पडल्या! तसल्या टाळ्या मला आयुष्यात पुन्हा मिळाल्या नाहीत.

परत येताना जोडीदार रिक्षात तोंड फिरवून बसला. लिंबायतला उतरल्यावर म्हणाला, "तुला काय गरज होती रे? तिचा नवरा म्हणजे काय कुणाचं घड्याळ आहे?" मी त्यालाच झापलं, म्हटलं, तुला स्टेजवर बसायला मिळत नाही म्हणून पोटात दुखतंय. असं बोललो मी त्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खात्यात लूम चालू असताना त्याने मला पलीकडून सांगितलं. गोडादऱ्याचा एक कारागीर आमच्या खात्यात होता, त्याच्याकडून त्याला समजलं होतं. ती बाई उंबऱ्यातून हलायला तयार नव्हती. शेजारी सकाळी न्यायला आला तर तिने त्याला हात जोडले, म्हणाली, "भाऊनी सांगेल शे, वाट चुकी जाई." तिचं सुरतेत दुसरं कोणी नव्हतं. शेजाऱ्याने तिच्या नवऱ्याला दोनदाच पाहिलेलं, एकटा जाऊन तो काय ओळखणार, आणि त्याचाही खाडा पडत होता. तो कामावर निघून गेला.

जोडीदार म्हणाला, "जा. तिला सांग, मला पुन्हा दिसलं, दवाखान्यात जाऊन बघ. खेळ फोडायचीही गरज नाही."

केवढं सोपं होतं! मला हे आजही झोपू देत नाही. एक सायकल काढायची होती आणि एक खोटं आणखी बोलायचं होतं. मी म्हटलं, बघू, उद्या जाऊ. तो उद्या उजाडल्यावर म्हटलं, आता दोनच तर दिवस राहिले, तेवढ्यात येईलच तो. मी जे बसल्या बसल्या बनवून सांगितलं होतं त्याच्यावर माझाच विश्वास बसत चालला होता. आणि भीतीही होती. मी बोललेलं मीच फिरवलं तर लोक काय म्हणतील, ही.

पाचव्या दिवशी तिचा शेजारी खात्याच्या दाराशी आला. मला बाहेर बोलावलं आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मला वाटलं, आला वाटतं नवरा परत. तो म्हणाला, "भाऊ, तुमचा शब्द न् शब्द खरा निघाला."

मग सगळं सांगितलं त्याने. हायवेवर तिच्या नवऱ्याला ट्रकने उडवलं होतं. खिशात नाव-पत्ता काही नाही. कोणीतरी सरकारी दवाखान्यात आणून टाकलं, तिथे तो बेवारस म्हणून पडून होता. चौथा दिवसही सरला, तसा शेजारी तिला ओढतच घेऊन गेला. नवरा त्याच दिवशी पहाटे गेला होता. तिथल्या वॉर्डबॉयने सांगितलं, मधून मधून शुद्धीवर यायचा, डोळे उघडायचा, कॉटच्या दोन्ही बाजूंना बघायचा, आणि परत मिटायचा.

"म्हणजे तुम्ही सांगितलं तेव्हा जिवंतच होता," शेजारी म्हणाला. "पूर्वेकडूनच आणला होता. छपराखालीच होता. आमच्याच नशिबात नव्हतं."

मी भिंतीला टेकलो. तो मला धीर द्यायला लागला, मला!

आणि पुढे काय झालं असेल? माझं नाव झालं. गोडादऱ्यातून, लिंबायतमधून माणसं माझ्या खोलीवर यायला लागली. हरवलेली बकरी, पळालेला मुलगा, चोरीला गेलेली सायकल. मी आतून कडी लावून बसायचो आणि बायको बाहेर सांगायची, घरात नाहीत.

सुटीच्या दिवशी मी बैठकीत गेलो आणि सगळं सांगितलं. म्हटलं, मला त्या बाईला खरं सांगायचंय, खेळ फोडायचाय, मंडळाने परवानगी द्यावी. रिक्षावाला म्हणाला, "तू फोडलास तर आपल्या सगळ्यांचे खेळ बुडतील. गल्लीत दगड मारतील आपल्याला." काकांनी पत्ते पिसायला घेतले. मग म्हणाले, "सांगून तिला काय मिळणार, भाई? तिला नाही, तुला मोकळं व्हायचंय."

मला राग आला. म्हटलं, तुमच्याच त्या कामं लावून द्यायच्या अकलेने हे झालं. पत्ते पिसणारे त्यांचे हात थांबले एवढंच. मी उठलो आणि पुन्हा त्या खोलीत पाय ठेवला नाही. जोडीदार मागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत आला. म्हणाला, "काका बरोबर सांगतायत. नको जाऊस." आधी जा म्हणणारा, आता नको म्हणत होता. मी दोन्ही वेळा त्याचं ऐकलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी गेलो. पत्र्याची एक खोली. दोन शेजारणी बसलेल्या होत्या. तिने मला ओळखलं, लगबगीने उठून गोधडी अंथरली, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मी गुन्हेगार होतो आणि ती माझं आदरातिथ्य करत होती. शेजारणींना ती कौतुकाने सांगायला लागली, "हाऊच तो भाऊ. मना घरवाला तठे लोकेसमा एकटा पडेल व्हता, पण हाऊ भाऊ आठेथून त्याले दखी ऱ्हायंता." तिकडे परक्या माणसांत तो एकटा पडला होता, पण हा भाऊ इथून त्याला पाहत होता. हे बोलताना तिचा आवाज जरा सावरला. तेवढ्याच एका गोष्टीवर ती उभी आहे हे मला तेव्हा दिसलं. दिसून मी काय केलं? तोंड मिटून, पाणी पिऊन परत येणं अजून माझ्या हातात होतं.

मी शेजारणी जाईपर्यंत थांबलो आणि तिला सगळं सांगितलं. अहिराणीतच सांगितलं. पट्टी, फट, जोडीदाराचे ओठ. कडोदरा तूच म्हणाली होतीस, म्हणून पूर्व. छप्पर काय, सगळ्यांच्याच डोक्यावर असतं. उंबऱ्यात बसायला सांगितलं ते खेळ रंगावा म्हणून. मी हात जोडले, डोकं खाली घातलं, म्हटलं, मार मला, पोलिसात दे, काय वाटेल ते कर. चार शिव्या तरी दे.

ती मांडीवर झोपलेल्या पोरीचे केस सारखे करत राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. मी त्याचीच वाट बघत होतो, त्याच्यासाठीच तर आलो होतो.

मग तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी नीट समजून घ्यायचंय अशा आवाजात तिने विचारलं, "म्हणजे तू त्याले दखं नव्हतं?"

"नही, बहीण."

"मंग त्या दिनेसमा... त्याले आपलं कोन्हीच दखं नही?"

मी म्हणालो, "नही. कोन्हीच नही."